थंड इंजिनाची चिठ्ठी

१

या सौद्यात कोणाला काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकू.

दलालाला दोन्ही बाजूंकडून दोन-दोन टक्के. गाडी बाजाराच्या फाटकाबाहेर पडली की तिचा आणि त्याचा संबंध संपला. दातांच्या डॉक्टरांना, म्हणजे गाडी विकणाऱ्याला, ठरलेली किंमत, तीही एकरकमी. घेणाऱ्या ड्रायव्हरला हॉटेलचं वर्षभराचं काम. काळी, लांबलचक, सहा सिलिंडरची सेडान असेल तरच आमचे पाहुणे तुझे, असं हॉटेलच्या मॅनेजरने सांगितलं होतं. त्यासाठी ड्रायव्हरने आपल्या दोन लहान गाड्या विकल्या होत्या. इंजिन तपासणाऱ्या कानसेन मिस्त्रीला तपासणीची फी. गाडी पास केली तरी तेवढीच, नापास केली तरी तेवढीच. आणि डॉक्टरांच्या जावयाला काहीही नाही. सौद्याच्या कागदावर त्याची साक्षीदार म्हणूनही सही नव्हती.

यादी टाइपबाईंनी केली, सातव्या दिवशी सकाळी, स्वतःच्या टेबलावर, एका बाद झालेल्या दस्ताच्या पाठकोऱ्या बाजूवर. जावयाचं नाव त्यांनी अगदी खाली लिहिलं. ज्याला काही मिळणार नाही तो खालीच जातो.

टाइपबाई जुन्या गाड्यांच्या बाजारात फाटकाशी टेबल टाकून बसायच्या. एक प्रिंटर, दोन शिक्के, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत चेहरा कोरा ठेवण्याची तीस वर्षांची सवय. बाजाराची रीत अशी की सौद्यावरून सात दिवसांत भांडण निघालं तर निवाडा ज्याने दस्त टाइप केला त्याने करायचा, आणि तो सगळ्यांनी मानायचा. सातव्या दिवशी पाच वाजता फाटकाची घंटा झाली की मुदत संपली.

हा दस्त बाईंचाच होता. आणि गाडी ठोकत होती.

विकत घेतल्याच्या दुसऱ्याच सकाळी ड्रायव्हरने ती सुरू केली आणि बॉनेटखालून आवाज आला. टक, टक, टक. जणू आत कोणी लाकडी पेटीवर बोटाचं पेर आपटत होतं. चार मिनिटं ठोकली, गरम झाली, गप्प झाली. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. हॉटेलचे पाहुणे पहाटेच्या विमानाने येतात. ठोकणाऱ्या गाडीत त्यांना कोण बसवणार? मॅनेजरने सोमवारपर्यंत वेळ दिला होता. आज शनिवार.

आणि गाडी पास केली होती कानसेनने. बाजारात त्याची चिठ्ठी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चिठ्ठी खोटी निघाली तर दुरुस्ती चिठ्ठी देणाऱ्याने भरायची, हेही त्याच रेघेत आलं. या इंजिनाच्या दुरुस्तीचा आकडा आला तेव्हा कानसेनने एकच गोष्ट केली. कपाटातून आपल्या आवाराचे कागद बाहेर काढले.

शेजारचा टायरवाला सकाळपासून हातात टेप घेऊन त्या आवाराची भिंत मोजत होता.

२

"मोजू दे त्याला," कानसेन म्हणाला. "टेप त्याची, भिंत माझी. पाच वाजेपर्यंत तरी."

पासष्टीचा माणूस. हाडं मोठी, आवाज लहान. इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाशी लावायची, आणि डोळे मिटून सांगायचं की चौथ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जरा आळशी झालाय. म्हणून कानसेन.

बाई लोखंडी स्टुलावर बसल्या. गाडी समोरच उभी होती. काळी, चकचकीत, निर्लज्ज.

"मिस्त्री, सरळ विचारते. बाजारात दोन गोष्टी बोलल्या जातायत. एक, तुम्ही पैसे खाल्ले."

"आणि दुसरी, मी बहिरा झालो. दुसरी जास्त लागली."

"खरी आहे का?"

कानसेन हसला नाही. "काल तुमच्या टेबलावरून जात होतो. तुमच्या प्रिंटरचा कागद ओढणारा रूळ डाव्या बाजूला घासतोय. आत्ता एखाददुसरा कागद तिरका घेईल, आठवड्याभरात सगळेच."

त्या दिवशी सकाळीच एक दस्त तिरका निघाला होता. बाईंनी तो फाडून टाकला होता, आणि कोणी पाहिलं नव्हतं. म्हणजे कान शाबूत होता.

"इंजिनात आहे काय नक्की?"

"परवा बारीक कॅमेरा आत सोडून पाहिला. दोन सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे. पाणी कमी असताना कोणीतरी गाडी चढावर दामटली. ती तापली, पिस्टन घासले. ते एका रात्रीतलं काम नाही, महिना-दीड महिना जुनं आहे. अशी गाडी थंडीत ठोकते. पिस्टन गरम होऊन फुगले की जागेवर बसतात, आवाज बंद. म्हणून तर मी गाडी थंड असल्याशिवाय कान लावत नाही."

"आणि त्या दिवशी थंड होती?"

कानसेनने टेबलावरून गोंदाचा डबा आणि कागदी पट्ट्यांची गुंडाळी उचलून दाखवली. "आदल्या संध्याकाळी गाडी या आवारात आली. बॉनेटवर पट्टी चिकटवली, वर माझी सही. दोन्ही चाव्या माझ्या खिशात. फाटकाला कुलूप. सकाळी साडेआठला सगळ्यांसमोर पाहिलं, पट्टी जशीच्या तशी. मीच फाडली, चावी लावली. मांजर गुरगुरावं तसं इंजिन, बाई. एक ठोका नाही."

"पट्टी शाबूत, चाव्या खिशात, फाटक बंद. मग रात्रीत गाडी सुरू कोणी केली?"

"कोणीच नाही. करताच येत नाही."

"आणि थंड इंजिन ठोकल्याशिवाय राहत नाही."

"नाही राहत."

दोघंही गाडीकडे बघत राहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही एकत्र खऱ्या असू शकत नव्हत्या. भिंतीपलीकडून टायरवाल्याचा आवाज आला, "अठरा फूट!"

३

दलालाला बाजारात पोपटशेठ म्हणत. तो बोलायचा थांबला की लोकांना काळजी वाटायची. त्याचं दुकान कानसेनच्या आवाराला लागूनच. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे बेकरी.

"बाई, माझ्यावर संशय? माझ्यावर? चार टक्क्यांसाठी मी कानसेनसारख्या माणसाला बुडवीन?"

"तीन टक्क्यांसाठी तुम्ही सख्ख्या मेहुण्याला बुडवलंत."

"ते घरगुती होतं." पोपटशेठने छातीवर हात ठेवला. "गाडी मी डॉक्टरांच्या घरून आणली, पण चालवली जावईबापूंनी. मी शेजारी बसलो होतो. वाटेत यांनी पंपावर गाडी घेतली आणि अर्धी टाकी भरली. मी म्हटलं, अहो, विकायच्या गाडीत कोणी इंधन घालतं का? उद्या दुसऱ्याची होणार ती. म्हणाले, बरं दिसतं. बरं दिसतं! माझी वीस वर्षं या धंद्यात गेली, विकायची गाडी लाल दिवा पेटवूनच येते. असे दिलदार लोक असले तर आम्ही उपाशी मरू."

बाईंना आठवलं. दस्तात इंधनाच्या रकान्यात त्यांनीच 'अर्धी टाकी' टाइप केलं होतं, आणि टाइप करताना जरा चमकल्याही होत्या.

"आणि तपासणीच्या सकाळी?"

"आठला शटर उघडलं. समोर बेकरीत जावईबापू. पुढ्यात कॉफीचे दोन रिकामे कप, तिसरा चालू. मला बघून हात केला आणि बेकरीवाल्याला म्हणाले, शेठच्या खात्यावर. माझ्या! मी काही बोललो नाही, सौदा व्हायचा होता."

"तीन कप म्हणजे बराच वेळ बसले असतील."

"तासभर तरी. गरम कॉफी कोणी घटाघट पितं का? मग मी आवारात आलो, कानसेन फाटक उघडतच होते. गाडीवर मांजर झोपलं होतं, ते मी हाकललं. धुंद झोपलेलं हो, उठेचना. बाई, एक सांगू? म्हातारे झालेत कानसेन. सगळेच होतो आपण."

"तुम्ही मात्र गप्प होत नाही," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

पावणेअकरा झाले होते.

४

ड्रायव्हर दोन खोल्यांत राहत होता. खालच्या अंगणात जिथे त्याच्या दोन लहान गाड्या उभ्या असायच्या, तिथे तेलाचे दोन डाग होते आणि त्यांच्यामध्ये झाडू मारलेला होता. तो खिडकीशी उभा होता. चहा त्याच्या बायकोने आणला.

"मावशी, मला कोणाला बुडवायचं नाही," तो म्हणाला. "पण सोमवारी गाडी घेऊन गेलो नाही तर काम दुसऱ्याचं. एक गाडी कालच नव्या मालकाने नेली. दुसरी ज्याला विकली त्याच्या दारात उभी आहे, पैसे परत केले तर देतो म्हणालाय. उद्यापर्यंत."

"त्या सकाळी तू काय पाहिलंस?"

"काय बघणार? सगळे कानसेनकडे बघत होते, मीही बघत होतो. त्यांनी पट्टी फाडली, बॉनेट उघडलं, चावी फिरवली, स्क्रूड्रायव्हर लावला. आवाज एकदम गोड. मी तर तिथेच मनातल्या मनात हॉटेलच्या दारात पोचलो."

"आणि तू गं?"

बायको लाजली. "मी मागच्या सीटवर बसून घेतलं. म्हटलं पुन्हा कोण बसवणार, उद्यापासून पाहुणे बसतील. इतकी थंडी होती मावशी, माझे पाय बधिर झाले होते. यांनी गाडी सुरू झाल्यावर बटण दाबलं आणि काय ऊबदार हवा आली! लगेच. मी यांना म्हटलंसुद्धा, आपल्या जुन्या गाडीत घर येईपर्यंत ऊब येत नाही, मोठ्या गाडीची बातच वेगळी."

बाईंचा कप बशीवर टेकला तो जरा जोरात.

"लगेच म्हणजे किती?"

"लगेच म्हणजे लगेच. दार लावलं आणि आली." मग ती म्हणाली, "फोटो आहे माझ्याकडे. आत बसायच्या आधी काढला. मांजरालासुद्धा गाडी पसंत पडली म्हणून."

तिने फोन पुढे केला. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

आवार, सकाळचा राखाडी उजेड, काळी गाडी. छतावर दवाचा पांढुरका थर. मागच्या डिकीवर दव. कडेला उभ्या असलेल्या दोन भंगार गाड्यांवर दव. फक्त या गाडीचं बॉनेट कोरडं, काळंभोर. मधोमध अंगाचं वेटोळं करून मांजर. आणि मांजराच्या पुढे, बॉनेटच्या कडेला, कानसेनची कागदी पट्टी. शाबूत.

"हा फोटो मला पाठव," बाई म्हणाल्या. "आणि पाच वाजता दोघंही आवारात या. पावणेपाचला या."

"काही सापडलं का मावशी?"

"मांजराला सापडलं होतं. आपल्याला नाही."

५

रस्त्यातूनच बाईंनी कानसेनला फोन लावला.

"मिस्त्री, गाडीत गरम हवा कशाने येते?"

"इंजिनाचं पाणी तापतं, त्याच्यावरून हवा फिरते. थंड गाडीत पाच-सात मिनिटं गार हवाच येते."

"आणि इंजिन न चालवता पाणी तापवता येतं का?"

फोन कुठेतरी टेकवला गेला. मग धातूवर धातू आपटल्याचा आवाज, कानसेनचा श्वास. तो जमिनीवर आडवा झाला असावा.

"बाई." आवाज अगदी बारीक. "पुढच्या डाव्या चाकाच्या मागे अंगठ्याएवढी नळी आहे. आत काजळी. ही इंधनावर चालणारी छोटी शेगडी आहे. पाणी तापवते, इंजिनाभोवती फिरवते. अतिथंड मुलखांसाठी ज्यादा पैसे देऊन बसवून घेतात, शंभरात एखाद्या गाडीला असते. चावी लागत नाही, बॉनेट उघडावं लागत नाही. वेगळा रिमोट असतो, दोन बटणांचा, रस्त्यापलीकडून चालतो. अर्ध्या-पाऊण तासात इंजिन कोमट."

"टाकी रिकामी, लाल दिवा लागलेला असेल तर?"

"तर शेगडी पेटतच नाही."

"आणि मिस्त्री, तुम्ही त्या दिवशी पाण्याच्या पाइपला हात लावला होता?"

पलीकडे अंगावरची धूळ झटकल्याचा आवाज आला.

"पूर्वी आधी हातच लावायचो," कानसेन म्हणाला. "पट्टी सुरू केल्यापासून लावत नाही."

डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर. जिन्याशी एक रंगारी नव्या पाटीवर काम करत होता. डॉक्टरांच्या नावाखाली दुसरं नाव पेन्सिलने आखून ठेवलेलं. वर काउंटरवर जावई. चाळिशीच्या आतला, इस्त्री चांगली, हसणं त्याहून चांगलं.

"पाटीवर तुमचं नाव येतंय. अभिनंदन."

"पुढच्या महिन्यापासून भागीदार. पप्पांचा मोठेपणा." सासऱ्यांना तो पप्पा म्हणायचा. "गाडीचं कळलं. वाईट झालं. पण जुनी गाडी म्हणजे नशीब, नाही का?"

"त्या सकाळी तुम्ही किती वाजता आलात हो बाजारात?"

"पप्पांच्या मागोमाग. साडेआठला."

बाईंनी मान हलवली आणि आत गेल्या. डॉक्टर हात धूत होते. उंच, ताठ, बोलण्यात गाळलेलं काही नाही.

"बाई, मी दात तपासतो, इंजिनं नाही. मी सांगितलेली किंमत घेतली, तुमच्या माणसाने पास केलेली गाडी दिली. मला कोणी लबाड म्हटलेलं चालणार नाही."

"म्हणत नाही. गाडी घरी कधी ठोकायची का?"

"कधीच नाही. असा आवाज असता तर मी सांगितलं असतं. दस्तात लिहून दिलं असतं."

"सकाळी तुम्हीच बाहेर काढायचा?"

"पूर्वी. गेला दीड महिना जावईच काढतो. मी दहा दिवस बाहेरगावी परिषदेला गेलो होतो, परत आल्यापासून त्याने हे अंगावर घेतलं. म्हणाला, पप्पा, थंडीत तुम्ही कशाला. बाहेर येतो तोवर गाडी दारात, आत ऊब. मुलगा नाही मला, पण उणीव भासू देत नाही." ते हात पुसता पुसता थांबले. "ती विकून टाका म्हणाला तोही माझ्या पाठदुखीसाठीच. सीट फार खाली आहे म्हणून."

"बाजारात पाठवलीत तेव्हा टाकीत इंधन किती होतं?"

"लाल दिवा लागलेला होता. मी काटकसरी माणूस आहे."

"पावणेपाचला कानसेनच्या आवारात या डॉक्टर. जावयांना घेऊन या."

"कशासाठी?"

"निवाडा आहे," बाई म्हणाल्या. त्या माणसाच्या ताठ मानेकडे त्यांना बघवेना.

६

पावणेपाचला सगळे आवारात होते. ड्रायव्हर आणि त्याची बायको गाडीपासून लांब, भिंतीशी, पाहुण्यांसारखे. पोपटशेठ गप्प. टायरवाला भिंतीवरून डोकावत होता आणि कोणी त्याला हाकलत नव्हतं. आवाराचे कागद कानसेनच्या टेबलावर, वर पाना ठेवलेला.

बाई स्टुलावर बसल्या. "पट्टी शाबूत होती," त्यांनी सुरुवात केली. "चाव्या मिस्त्रींच्या खिशात होत्या. तरी इंजिन कोमट होतं. हा फोटो बघा. सगळ्या गाड्यांवर दव, या एका बॉनेटवर नाही. मांजर थंड लोखंडावर झोपायला येत नाही. आणि गाडी सुरू होताच मागे बसलेल्या हिला गरम हवा लागली." मग त्यांनी शेगडीचं सांगितलं. नळी, रिमोट, रस्त्यापलीकडून.

डॉक्टर सावकाश म्हणाले, "हो. ती सोय आहे. मी घेतली तेव्हा त्यांनी दाखवली होती. मी कधी वापरली नाही. रिमोट घरी आहे, दाराजवळच्या ड्रॉवरमध्ये."

"विचारता?"

डॉक्टरांनी मुलीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "बेटा, दाराजवळचा ड्रॉवर उघड. गाडीचा छोटा काळा रिमोट आहे का बघ."

ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला नाही. क्षणभर काहीच आलं नाही.

"नाही बाबा," मुलगी म्हणाली. "नाहीये. केव्हाचाच हरवला असेल."

"हरवलाच असणार," जावई म्हणाला. "पप्पा, अशा वस्तू राहतात का? आणि बाई, ही सगळी गोष्ट मांजरावर उभी आहे. हॉटेलच्या ड्रायव्हरने शेगडी कशी चालवायची ते शोधून काढून, स्वस्तात गाडी लाटायला हे नाटक केलं नसेल कशावरून?"

"स्वतःचीच गाडी ठोकायला लावून?" ड्रायव्हर पहिल्यांदा मोठ्याने बोलला.

"भाऊ, थांब," बाई म्हणाल्या. "मला तीन गोष्टी जमणारा एक माणूस हवा होता. रिमोट घरात कुठे आहे ते माहीत असलेला. पोपटशेठला माहीत नव्हतं, या ड्रायव्हरला तर नव्हतंच. दुसरं, सात ते आठच्या दरम्यान रस्त्यापलीकडे असलेला. डॉक्टर सव्वाआठला टॅक्सीत बसले, चालकाची पावती त्यांनी मला दाखवली आहे. आणि तिसरं, विकायच्या गाडीत इंधन भरणारा. ते मला सगळ्यात आधी खटकायला हवं होतं. दुसऱ्याच्या पदरात पडणाऱ्या गाडीत कोणी अर्धी टाकी ओतत नाही, त्या इंधनातून स्वतःला काही मिळणार नसेल तर." त्या जावयाकडे वळल्या. "तुम्ही साडेआठला आलात म्हणता. आठला तुमचा कॉफीचा तिसरा कप चालू होता."

"कॉफी पिणं गुन्हा झाला का?" जावयाचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. हसू जागेवर होतं, पण आता ते सांभाळावं लागत होतं. "रिमोट दाखवा ना. आहे का तुमच्याकडे? नाही. मग पाच वाजू द्या आणि चिठ्ठीप्रमाणे होऊ द्या."

घड्याळात पाचला तीन मिनिटं कमी होती. खरं होतं त्याचं. रिमोट नसेल तर शेगडी आहे एवढंच सिद्ध होत होतं, ती पेटवली हे नाही. निवाडा बाईंचा होता, पण अंदाजाचा निवाडा त्यांनी तीस वर्षांत दिला नव्हता. कानसेनने टेबलावरचा पाना उचलून कागद मोकळे केले. टायरवाला भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून नीट उभा राहिला.

आणि कानसेन थबकला.

"गप्प बसा," तो म्हणाला.

सगळे गप्पच होते.

"कोणी हलू नका." त्याने मान तिरकी केली. डोळे मिटले. "टिक. टिक. टिक. ऐकू येतंय?"

कोणाला काही ऐकू येत नव्हतं. पोपटशेठने मान हलवली.

"शेगडीचा पंप आहे. इंधन ओढतोय." कानसेन गाडीकडे चालत गेला, वाकला, डाव्या चाकामागे तळहात धरला. "आत्ता, या मिनिटाला कोणीतरी बटण दाबलंय."

नळीतून आधी पांढुरका धूर आला. मग घरघर, आणि ती सगळ्यांना ऐकू आली.

आवारात दोन्ही हात खिशात असलेला एकच माणूस होता.

डॉक्टर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. रोज चाळीस माणसांना म्हणतात त्याच सुरात म्हणाले, "उघड."

जावयाने मूठ बाहेर काढली आणि उघडली. दोन बटणांचा काळा रिमोट होता. वरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"सीटखाली टाकणार होतो," तो म्हणाला, कोणाकडेच न बघता. "इथेच होता असं वाटावं म्हणून. हातात घट्ट धरला होता. दाबलं गेलं."

"दहा दिवस मी नव्हतो तेव्हा," डॉक्टर म्हणाले.

"मित्रांबरोबर घाटात गेलो होतो. तापली. सांगितलं असतं तर तुम्ही पाटीवर नाव..."

"घातलं असतं," डॉक्टर म्हणाले. "ओरडलो असतो, आणि घातलं असतं."

फाटकाची घंटा वाजली.

७

"सौदा रद्द," बाई म्हणाल्या. "दस्तात लिहिलंय, तपासणी थंड इंजिनावर. ती तशी झाली नाही. आणि एक आणखी. दस्तात मी टाइप केलं होतं, 'पट्टी शाबूत, सबब इंजिन थंड.' पट्टी मिस्त्रींनी पाहिली होती. 'सबब' माझं होतं. ते कोणीच तपासलं नव्हतं. या दस्ताची फी मी परत करते."

आता कोणी काय भरलं ते.

डॉक्टरांनी पूर्ण रक्कम तिथेच परत केली, वर ड्रायव्हरचे बुडालेले सात दिवस भरले, न मागता. पोपटशेठने चार टक्के परत दिले. कॉफीचे पैसे जावयाकडून मागायचा त्याला धीर झाला नाही. ड्रायव्हरने एक गाडी गमावली, दुसरी सोडवून आणली. सोमवारी तिच्यातच हॉटेलच्या दारात गेला आणि मोठी गाडी मिळेपर्यंत सामान वाहायचं काम घेऊन परत आला. टायरवाल्याने एक टेप गमावली. ती भिंतीवरून कानसेनच्या बाजूला पडली आणि मागायला तो आला नाही.

कानसेनने आवाराचे कागद कपाटात ठेवले आणि पट्ट्यांची गुंडाळी शेगडीच्या नळीपुढे धरली. ती पेटली नाही, नुसती तपकिरी झाली. मग त्याने ती कचऱ्यात टाकली. पुढच्या गाडीला त्याने आधी तळहात लावला, पाइपवर, पूर्ण मिनिटभर, आणि मगच चावी मागितली. बाईंनी नव्या दस्तात तेवढंच लिहिलं. प्रिंटरचा रूळ त्यांनी बदलून घेतला.

काळी सेडान त्या संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतः चालवत नेली. कानसेन म्हणाला, गरम करून देऊ का? डॉक्टर म्हणाले, नको, तासाभराने निघतो, गार होऊ द्या. आणि गार झाल्यावरच सुरू केली. ठोके फाटकापर्यंत ऐकू येत होते. शेजारची सीट रिकामी होती. जावई चालत गेला. पाटीवरचं पेन्सिलचं नाव रंगाऱ्याने दुसऱ्या दिवशी खोडरबराने पुसलं, त्याचे वेगळे पैसे त्याने घेतले नाहीत.

बाईंनी ती पाठकोरी यादी पुन्हा काढली आणि एकेक नावापुढे आकडा भरला. शेवटी एक नाव वाढवावं लागलं, जे सुरुवातीला यादीत नव्हतंच. डॉक्टरांची मुलगी. ड्रॉवर न उघडताच तिने आत काय नाही ते सांगितलं होतं. तपासणीच्या सकाळी नवऱ्याने रिमोट खिशात टाकताना तिने पाहिलं होतं, आणि क्षणभर थांबून तिने ठरवलं होतं की बापाशी खोटं बोलायचं. बापाने ते थांबणं ऐकलं होतं. सगळ्यांनीच ऐकलं होतं.

तिच्या नावापुढे काय लिहावं ते बाईंना ठरवता येईना. त्यांनी पेन खाली ठेवला, आणि ती एक जागा कोरी राहिली.